ट्रॅक्टरपुढे चालणारी बाई

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाज आवळली. मोठं काही नाही. दोरी ढिली पडून बाजेची झोळी झाली होती आणि माझी कंबर धरत होती. दिवस बुडायच्या आधी बाज अंगणात काढली. पायथ्याकडून मी दोरी ओढत होतो, आणि समोरून तिनं लाकडाला पाय लावला होता.

"ओढा ना जी. भात नाही खाल्ला का?"

"खाल्ला. थंडा होता."

"थंडा असला तरी भातच होता."

एवढं आमचं बोलणं. दोरी आवळून झाल्यावर ती बाजेवर बसली, हातानं दाबून पाहिलं आणि गल्लीपलीकडे बकारामच्या बंद दाराकडे पाहत म्हणाली, "उद्या बी उभी राहीन मी."

मी म्हणालो, "आता लोक तुलेच धरून मारतीन."

"मारू द्या. सुमन शाळेत गेली पाह्यजे."

सुमन ही बकारामची धाकटी मुलगी. बापानं तिला शाळेतून काढून घरी बसवलं होतं, आणि आमच्या घरातल्या बाईमुळेच बसवलं होतं. गल्लीतले बाकीचे बापही आपापल्या पोरींकडे पाहून विचार करायला लागले होते. हे प्रकरण असं अर्ध्यावर लटकलेलं असताना आम्ही बाज आवळत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. आता घ्यायला लागलो तर तीच विचारेल, काहून, आज काय झालं?

आम्हाला मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांनी तिच्या सगळ्या वागण्याला हेच एक कारण लावलं. पोटी नाही म्हणून दुसऱ्याची पोरं हाकत फिरते, असं म्हणत. तिच्या कानावर जात होतं. म्हणून ती खरं कारण कोणाला सांगत नसे. 'रोज रोज पोरांना घेऊन कोंढ्याला कायले जातेस वो?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं उत्तर. मास्तरनं विचारलं तर, "बाजार पाहाले." बाजार आठवड्यातून एकदाच भरे. माझ्या बहिणीनं विचारलं तर, "घरी तुह्या मायचं भूत बसलं राहते." मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुमचं तोंड पाहून पाहून कंटाळा येते जी."

खरं कारण मला माहीत होतं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर कोंढ्याला, आणि मध्ये तलाव. जवळची वाट तलावाच्या पाळीवरून. पाळ संपते तिथे सांडवा. तो ओलांडला की धानाच्या धुऱ्यांवरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, सरळ कोंढा. लांबची वाट तलावाला वळसा घालून जाते, आधी गाडीरस्ता, मग डांबरी सडक. लांबच्या वाटेनं दुप्पट चालावं लागे.

सांडवा म्हणजे पाळीतली दगड बसवलेली बुटकी जागा. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून निघून जाते आणि पाळ वाचते. पावसाळ्यात त्या दगडांवर शेवाळ धरते. आणीबाणी उठली त्या सुमारास बकारामची मोठी मुलगी कमल तिथे घसरली आणि तिचा हात मोडला. हात जुळला. पण बकारामनं तिला घरी बसवलं. बकाराम गावातला सगळ्यात मोठा शेतकरी. त्यानं बसवली म्हणून साऱ्यांनी आपापल्या पोरी बसवल्या. पोरगे जात राहिले. त्या वर्षी गावातली एकही पोरगी कोंढ्याला गेली नाही.

बायको रोवण्यावरून, म्हणजे धानाच्या लावणीवरून, घरी आली, पाय धुता धुता म्हणाली, "एक पडली अन् साऱ्या बसल्या."

पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या दिवशी ती घरोघरी गेली. "पोरगी माह्या हाती द्या. पडली त मले विचारा." ती स्वतः शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत गेलो, आणि माझं काही तिला मोठं वाटत नसे.

तेव्हापासून दर दिवशी, सकाळी न्यायची, घरी येऊन शेतात जायची, दुपारून परत आणायला. मी उपाशी राहिलो नाही. पण गरम भात मला रविवारीच मिळत होता.

तिच्या रीती वेगळ्याच. सगळ्यात हळू चालणारं पोर पुढे, आणि ती सगळ्यात मागे. मोठी पोरं चिडत. "मोठीमाय, हा त गोगलगायीवानी चालते," असं तिला म्हणत. पोरं तिला मोठीमाय म्हणायची. ती म्हणे, "चालू दे. तू त्याच्या मागं चालून मरत नाहीस." धावायचं नाही. कोणी कोणाला ढकलायचं नाही. कोणाचं दप्तर दुसऱ्यानं उचलायचं नाही. वाटेत सगळ्यांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे. तिला पाढे येत नव्हते. पण मागून चालताना कोणाचा आवाज बंद झाला ते तिला लगेच कळे. मग ती तिथूनच ओरडे, "शेवंती, तोंडात चिंच आहे का?" आणि खरंच चिंच असे.

चपला हातात घेऊन चालायची. शाळेच्या फाटकाशी पोचली की पायात घालायची, पोरं आत जाईपर्यंत उभी राहायची, मग काढून पुन्हा हातात. मी म्हणालो, "हे कोणतं चपला वापरणं?" तर म्हणाली, "चपल झिजली त नवी घ्या लागते. पायाले नवं कातडं आपोआप येते." फाटकाच्या आत ती कधी गेली नाही. झेंडावंदनाला मास्तर बोलवायला आले तरी नाही. "आत तुमचं. फाटकापर्यंत माहं."

शाळेजवळ सडक ओलांडायची असे, तिथे ती घरून नेलेलं सूप डोक्यावर धरून मधोमध उभी राहायची. ट्रक असो, बैलगाडी असो, सूप दिसलं की थांबायचं. यष्टीचा एक ड्रायव्हर होता, त्याला मजा वाटे. खिडकीतून डोकं काढून म्हणे, "काय बाई, सडकेवर धान पाखडून राहिल्या का?"

"धान घरी पाखडलं. इथं भुसा अडवून राहिली."

तो हसत थांबायचा. दुसरे शिव्या देत थांबायचे. थांबायचे सगळे.

गाड्यांशी तिचं वैर होतं असं नाही. यष्टीनं पवनीला जायचं म्हटलं की खिडकीची जागा कोणाला द्यायची नाही. माझा धाकटा भाऊ जवाहरनगरला कारखान्यात होता. त्याच्याकडे लग्नाला गेलो तेव्हा क्वार्टरांपुढे पोरं बसमध्ये चढताना तिनं पाहिली. सगळे छान छान म्हणत होते. ती घरी आली, मग म्हणाली, "चांगलं आहे. पण त्या पोरायले घर दिसते अन् शाळा दिसते. मधातलं काहीच दिसत नाही."

असं बरीच वर्षं चाललं. पोरी दहावीपर्यंत गेल्या. तिच्या लायनीतलं एकही पोर पडलं नाही. लोकांना वाटे की रस्ताच चांगला आहे. ती मात्र रोज घाबरत होती. रात्री पाणी जोरात आलं की उठून दारात उभी राहायची. मला म्हणायची, "एकच पडाले पाह्यजे. बाप लोक वाटच पाहून राहिले."

मग ते वर्ष आलं. तोवर गावात दोनचार मोटरसायकली झाल्या होत्या आणि बकारामनं नवा ट्रॅक्टर घेतला होता.

त्या वर्षी पावसानं लवकर हात आखडला. तलाव भरला होता, पण धान पोटरीत आलेलं, लोंबी निघायच्या बेतात, आणि वरून पाणी नाही. अशा वेळी आमच्याकडे सांडवा बांधतात. दगडांवर माती, झाडाच्या फांद्या, पोती रचून तो बंद करायचा, म्हणजे जे थोडंफार पाणी येते ते वाहून जात नाही. तलावात हातभर पाणी जास्त उभं राहते आणि शेवटचं पाणी धानाला मिळते. सरकारला चालत नाही, पण धान सरकारच्या घरचं नाही. सगळ्या गावानं मिळून सांडवा बांधला. मीही घमेल्यानं माती टाकली. धान माझंही होतं.

ती भाकर घेऊन आली तेव्हा उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बांधा. धान पाह्यजेच. पण आता पोरं तथून जाणार नाही."

सगळ्यांना हे उलटं वाटलं. पाणी वाहत असताना घोट्याएवढ्या पाण्यातून ती पोरांना हात धरून नेत असे, आणि आता सांडवा कोरडा ठणठणीत, तर जायचं नाही? पण तिचं म्हणणं होतं की मागे तलाव छातीएवढा उभा आहे आणि मध्ये ओली माती आहे. काही वर्षांआधी असाच बांधलेला सांडवा फुटला होता. भर दुपारी, ऊन तापलेलं असताना. खाली शेवंतीच्या बापाचं, सोमाचं, वासरू चरत होतं. आवाज ऐकून मी वळलो तर वासरू नव्हतं.

"वाहतं पाणी दिसते तरी," ती म्हणाली. "हे दिसत नाही."

तर लांबची वाट सुरू झाली. पोरं अंधार असतानाच उठायला लागली. दुपारी उशिरा घरी. पोरींची घरची कामं तुंबली. धान कापणीचे दिवस जवळ आलेले. आठवडाभरात कुरकुर सुरू झाली आणि एका संध्याकाळी चावडीसमोर माणसं जमली. तीही आली, बायांच्या बाजूला न बसता खांबाला टेकून उभी राहिली.

बकाराम म्हणाला, "वहिनी, पोरायचे पाय तोडून राहिल्या तुमी."

"पाय आहेत. तुटले नाही."

"सांडवा कोरडा आहे. मी सोता पाहून आलो."

"पाहून आले त वरच्या बाजूनं बी पाहाले पाह्यजे होतं."

सोमा म्हणाला, "मोठीमाय, असंच राहिलं त मी माही शेवंती घरीच ठेवतो. तिच्या मायचे हातपाय दुखतात. घरी काम पडलं आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. ती ज्याला इतकी वर्षं घाबरत होती ते कोणी न पडताच सुरू झालं होतं.

तेव्हा बकारामनं आपल्या मनानं चांगलीच गोष्ट काढली. "मी उद्यापासून ट्रॉलीत नेतो साऱ्यायले. लांबच्या वाटेनं. फुकट. वहिनीचं बी राहिलं, तुमचं बी राहिलं."

सगळे खूश. सोमानं तर हात जोडले. ती म्हणाली, "किती दिवस?"

"म्हणजे?"

"धान कापणी लागली का ट्रॅक्टर तुमाले लागन. मंग? पोरायले बसाची सवय झाली राहीन. पोरी त घरीच राहतीन. ट्रॅक्टर आज आहे. पाय रोज आहेत. अन् ट्रॉलीले धराले काही आहे का? एक उडून पडली सडकेवर, त तुमीच पहिले दार लावान."

हे शेवटचं बोलायला नको होतं. कमलच्या हाताची गोष्ट सगळ्यांना आठवली. बकाराम उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर चावडीसमोर उभा. पोरं हसत खिदळत ट्रॉलीत चढली. सुमनही चढली. लायनीत एकही पोर राहिलं नाही. ती सूप घेऊन आली, तिनं पाहिलं आणि पुढे चालायला लागली. मी बैलांना पाणी पाजत होतो. मला वाटलं, चला, सुटली एकदाची.

पुढचं मी पाहिलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. गाडीरस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, बांध्यांत पाणी. ती रस्त्याच्या मधोमध चालत होती. रोजच्या चालीनं. ट्रॅक्टर मागे आला. बकारामनं हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली नाही.

"वहिनी, साइड द्या."

ती चालत राहिली.

"शाळेले उशीर होऊन राहिला ना."

"मंग उतरवा त्यायले. माह्यासंग चालतीन."

"तुमी बाजूले व्हा पहिले."

"माह्या पायाले काटा भरला आहे. जोरात चालता येत नाही."

काटा बिटा नव्हता. ट्रॅक्टर तिच्या मागे सरकत होता, घरघर करत, धूर सोडत. ट्रॉलीतली पोरं आधी हसली. मग त्यांना कंटाळा आला, धूर नाकात जायला लागला. पहिली उडी सुमननं मारली. बापाच्या ट्रॅक्टरवरून, बापाच्या समोर. ती धावत पुढे गेली आणि मोठीमायच्या पुढ्यात चालायला लागली. मग दुसरी, मग तिसरं. सडक यायच्या आत ट्रॉली रिकामी. सडकेवर गेल्यावर तरी बकारामनं पुढे काढून निघून जायला पाहिजे होतं. पण त्याचंही डोकं फिरलं असावं. तो तसाच मागे मागे, रिकामी ट्रॉली घेऊन कोंढ्यापर्यंत गेला. तिथल्या पानठेल्यावरून कोणीतरी म्हणालं, "काय बकारामजी, बाईनं ट्रॅक्टर विकत घेतला का तुमचा?"

ती घरी आली तेव्हा घाबरलेली होती. गंमत केल्यासारखी मुळीच नाही. म्हणाली, "चुकलं का जी माहं?"

मी म्हणालो, "चुकलं. पण आता झालं."

दुसऱ्या सकाळी लायनीत सगळी पोरं होती, फक्त सुमन नव्हती. लायन घेऊन बायको बकारामच्या दाराशी गेली.

"सुमन येत नाही," आतून बकाराम म्हणाला.

"ताप आला का?"

"नाही."

"मंग?"

"माही मर्जी."

दार लागलं. ती तिथेच उभी राहिली. मागे लायन उभी राहिली. बराच वेळ गेला, मग ती निघाली. पोरांची प्रार्थना चुकली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ती ओरडत नव्हती, हाक मारत नव्हती. दारासमोर उभी राहायची आणि बाकीची पोरं तिच्यामागे उभी ठेवायची. आतून सुमनच्या रडण्याचा आवाज येई, मग तोही बंद झाला. गल्लीतून जाणारी माणसं खाली पाहून जायची.

लोक आता तिच्यावर तापले. "एका पोरीपायी आमची पोरं काहून उशिरा जातीन?" सोमाची बायको आमच्या अंगणात येऊन बोलली.

"आज सुमन राहिली," ती म्हणाली. "उद्या तुही शेवंती राहीन. तवा बी मी थांबीन."

"माही कायले राहीन?"

"ते तुह्या नवऱ्याले विचार. त्यानं चावडीवर सांगितलं."

दोन दिवसांनी शेवंती आली नाही. कापणी होईपर्यंत, असं सोमा म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ती पातेलं घासत होती आणि हात थांबत होता.

मी बकारामकडे गेलो. आम्ही दोघं एका गल्लीत वाढलेलो, म्हशींच्या पाठीवर बसून तलावात उतरलेलो. त्यानं बसायला चटई टाकली, पण चहा सांगितला नाही.

"तुह्या बायकोनं मले कोंढ्यात हासू केलं," तो म्हणाला.

"केलं. मी नाही म्हणत नाही."

"मी फुकट नेऊन राहिलो होतो गा. माह्या डिझेलनं."

"हो."

तो मग म्हणाला, "कमलचा हात मोडला तवा रातभर पोरगी माह्या मांडीवर वरडत होती. तुमाले पोरं नाही, तुमाले नाही समजाचं." हे बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. तो म्हणाला, "वहिनीनं येऊन माफी मागाव. त्याच दिवशी सुमनले पाठवतो."

मी घरी येऊन सांगितलं. मूल नसण्याची गोष्ट वगळून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "मागीन ना. हात जोडीन. पण पहिले सुमन लायनीत उभी राहू दे."

"अवो, पहिले माफी माग. काय फरक पडते?"

"पहिले माफी मागितली अन् त्यानं पाठवली नाही, तर मंग माह्याजवळ काय राहिलं?"

मी पुन्हा गेलो. बकाराम म्हणाला, पहिले माफी. मी परत आलो. ती म्हणाली, पहिले पोरगी. मी दोघांच्या मध्ये फिरून थकलो आणि शेवटी दोघांनाही सांगितलं की तुम्ही दोघं एकाच जातीचे गाढव आहात. बकाराम हसला नाही. तीही हसली नाही.

तिथेच ते थांबलं होतं, बाज आवळली त्या संध्याकाळी.

पहाटे तिनं मला हलवलं. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटते म्हणाली. घामानं ओली झाली होती. मी अनवाणी धावलो आणि बकारामचं दार ठोकलं. हे मी सांगितलंच पाहिजे, की त्यानं एक शब्द विचारला नाही. अंगाला लुगड्यासारखी चादर गुंडाळलेली, तसाच बाहेर आला, ट्रॅक्टर चालू केला, ट्रॉलीत धानाची तणस टाकली, त्यावर घरातली गादी. पवनीच्या दवाखान्यात नेऊ म्हणाला. ट्रॅक्टर आमच्या अंगणात शिरला तोवर ती गेली होती. बकाराम ट्रॅक्टर बंद करायला विसरला. तो तसाच घरघर करत उभा होता. शेवटी मीच जाऊन बंद केला.

सकाळ झाली. आमच्याकडे गावात मयत झाली की ती उचलेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नाही, नांगर जुंपत नाही, कोणी कामाला जात नाही. सगळी माणसं अंगणात. बायांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. तिरडी बांधून झाली. पोरं भिंतीपाशी उभी होती, दप्तराशिवाय. त्यांना समजत नव्हतं की रडायचं की नाही. सुमन आईच्या मागे होती.

सोमा म्हणाला, "चला, उचलू. ऊन वाढून राहिलं."

मी म्हणालो, "उचलाचं नाही."

लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं करू नये बाबू. कोणाची वाट पाहाची आहे? जवाहरनगरचा भाऊ येऊन राहिला का?"

"पोरं शाळेत गेली नाही."

"आज कोणती शाळा? गावात मयत आहे."

"मयत माह्या घरची आहे. बायको माही मेली. तुमची पोरं जिती आहेत. त्यायले शाळेत सोडून या, लांबच्या वाटेनं, मंग उचला."

"असं कोठीच झालं नाही," म्हातारा म्हणाला.

"आज होईन."

कोणी हललं नाही. बायांचं रडणं थांबलं. मी बकारामसमोर गेलो. तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसला होता. मी हात जोडले.

"तिची माफी राहिली होती. ती मी मागतो. आता सुमनले काढ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तोंडावरून दुपट्टा फिरवला आणि उठला. आपल्या बायकोला म्हणाला, "सुमनचं दप्तर आण." मग सोमाकडे वळून, "शेवंतीचं बी." सोमानं शेवंतीला घराकडे धाडलं.

पोरं घरी धावली आणि दप्तरं घेऊन आली. बकाराम ट्रॅक्टरकडे वळला. मी म्हणालो, "पायी."

"पायीच," तो म्हणाला. "माही चप्पल आहे तथी." चप्पल घालून तो परत आला. "दुपारी आणाले कोण जाईन?"

"तूच. मसणघाटावरून सुटला का सरळ जाय."

पोरं निघाली, मागे बकाराम. गल्लीच्या वळणापर्यंत मी पाहत होतो, सोमाही मागून गेला. बाकीची माणसं जिथे जागा मिळाली तिथे बसली. ऊन अंगणात उतरलं आणि तिच्या तोंडावर आलं. मी उठलो, तिच्या तोंडावर माझी सावली पडेल असा बसलो, आणि बकाराम परत येईपर्यंत तिथून हललो नाही.